नागासाकीचे उराकामी चर्च आणि न्याय्य युद्धाचा सिद्धांत

पारंबी (धागाकर्ता)

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीवर अणुबॉम्ब फुटला, तेव्हा त्या शहरातील उराकामी भागाच्या कॅथीड्रलमध्ये पापनिवेदन चालू होते. सहा दिवसांवर आलेल्या पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची ती तयारी होती. आत असलेले दोन धर्मगुरू आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणारे भाविक यांच्यापैकी कोणीही वाचले नाही, कारण स्फोटाचे केंद्र तिथून सुमारे पाचशे मीटरवर होते. उराकामीच्या अंदाजे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास लोक मरण पावले असे सांगितले जाते. हे ते लोक होते, ज्यांच्या पूर्वजांनी दोनशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती धर्मावरील बंदीच्या काळात, एकही धर्मगुरू जवळ नसताना, आपली श्रद्धा घरातल्या घरात जपली होती. १८६५ मध्ये त्यांच्यातील काहींनी एका फ्रेंच मिशनऱ्यापुढे आपली ओळख उघड केली, त्याची शिक्षा म्हणून तीन हजारांहून अधिक जण हद्दपार झाले, आणि १८७३ मध्ये बंदी उठल्यावर जे जिवंत परतले त्यांनी व त्यांच्या मुलाबाळांनी १८९५ पासून १९१४ पर्यंत खपून ते चर्च उभे केले होते.

बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा वैमानिक कॅथलिक होता. पॅसिफिक महासागरातील ज्या टिनियन बेटावरून ते विमान उडाले, तेथील तुकडीसाठी एक कॅथलिक धर्मगुरूही नेमलेला होता.

ख्रिस्ती माणसाचा मृत्यू इतरांच्या मृत्यूपेक्षा अधिक मोलाचा असतो असे मला सुचवायचे नाही; नागासाकीत वर्षअखेरपर्यंत सुमारे ७०,००० माणसे मेली आणि त्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती नव्हती. तरीही हे उदाहरण मी मुद्दाम निवडले आहे. युद्धात काय करावे आणि काय करू नये याविषयी ख्रिस्ती परंपरेने पंधरा शतके विचार केला, आणि त्या विचारात वाढलेल्या माणसांनी आपल्याच श्रद्धेच्या माणसांवर तो बॉम्ब टाकला. तेव्हा तो विचार नेमका कुठे होता, एवढाच या धाग्याचा प्रश्न आहे.

सिद्धांताची ओळख थोडक्यात करून देतो. पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लेखकांचा सूर बव्हंशी शस्त्राविरुद्ध होता. तर्तुलियन म्हणतो की प्रभूने आपला शिष्य पेत्र याला निःशस्त्र केले तेव्हाच प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा सोडवला. पुढे साम्राज्यच ख्रिस्ती झाले आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले, कारण सीमेवर उभा असलेला सैनिक आता आपल्यातलाच होता. संत ऑगस्टीन यांनी युद्धाला मोकळी परवानगी दिली असे समजणे चुकीचे ठरेल. न्याय्य युद्धसुद्धा करावे लागते याचेच सुज्ञ माणसाला दुःख झाले पाहिजे आणि ज्याला ते होत नाही तो अधिक दयनीय आहे, असे ते लिहितात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी तीन अटी मांडल्या: युद्ध पुकारणारा अधिकृत शासक असावा, कारण न्याय्य असावे, आणि हेतू शुद्ध असावा. सोळाव्या शतकात सालामांका विद्यापीठातील धर्मशास्त्रज्ञ व्हितोरिया यांनी, स्पेनचा राजा अमेरिकेतील मूळ रहिवाशांना जिंकत असतानाच, धर्म वेगळा असणे हे युद्धाचे न्याय्य कारण होऊ शकत नाही असे वर्गात शिकवले. १६२५ मध्ये डच कायदेपंडित ग्रोशियस यांनी हीच चौकट राष्ट्राराष्ट्रांच्या कायद्यापर्यंत नेली.

यातून दोन वेगळे प्रश्न तयार झाले. युद्धात उतरणे योग्य आहे का, हा पहिला. आणि उतरल्यावर कसे लढावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसरा सुटत नाही. जपानी लष्कराविरुद्धच्या युद्धाला न्याय्य कारण होते याबद्दल मला शंका नाही, आणि नेमक्या त्यामुळेच नागासाकी ही या सिद्धांताची खरी कसोटी ठरते.

ही कसोटी लावण्याचे काम एलिझाबेथ ॲन्सकोम या तत्त्वज्ञ बाईंनी केले. १९५६ मध्ये ऑक्सफर्डने, ज्यांच्या कारकिर्दीत बॉम्ब टाकले गेले त्या अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना मानद पदवी देऊ केली तेव्हा त्यांनी विद्यापीठाच्या सभेत उभे राहून विरोध केला. त्यांच्या बाजूने हातावर मोजण्याइतकीच मते पडली आणि पदवी दिली गेली. त्यांचे म्हणणे साधे होते: साध्यासाठी साधन म्हणून निरपराध माणसांना मारायचे ठरवणे म्हणजे खून, आणि सही करणारा हात दूर बसलेला होता म्हणून त्या कृत्याचे नाव बदलत नाही. त्या शांततावादी नव्हत्या, हे इथे महत्त्वाचे आहे. उलट, सर्वच मारणे सारखेच पाप आहे असे शिकवणाऱ्या शांततावादाने लोकांची नजर बिघडवली असे त्यांचे मत होते. कारण सगळेच पाप असेल आणि युद्ध तर करावेच लागणार असेल, तर मग सैनिक मारला काय आणि तान्हे मूल मारले काय, काहीच फरक उरत नाही.

मला हे पटते. सदस्यांचे मत ऐकण्याची इच्छा आहे.

---

डोंगरवाट

लेख संयमाने लिहिला आहे, परंतु तो एका बाजूचे प्रेत झाकून ठेवतो. एप्रिल ते जून १९४५ या काळात एकट्या ओकिनावा बेटावरच्या लढाईत किती सैनिक आणि किती सामान्य रहिवासी मेले ते पाहा. नोव्हेंबरमध्ये जपानच्या क्यूशू बेटावर सैन्य उतरवण्याची योजना तयार होती. शिवाय चीनमध्ये, इंडोनेशियात, जपानी युद्धबंद्यांच्या छावण्यांत माणसे दररोज मरत होती. त्यांची नावे ऑक्सफर्डच्या सभेत कोणी घेतली नाहीत. युद्ध एक महिना आधी संपल्याने यांतील जे वाचले, त्यांच्याकडे पाहून ॲन्सकोमबाई काय सांगणार होत्या? ‘माझे हात स्वच्छ राहिले’ हे वाक्य म्हणायला सोपे आहे, पण त्या स्वच्छतेची किंमत दुसऱ्यानेच मोजायची असते. शासकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आकडेमोड टाळता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

पारंबी

आक्षेप रास्त आहे आणि त्याला पळवाट काढून उत्तर देण्यात अर्थ नाही. ॲन्सकोम यांनी हे मान्य केले होते की तेव्हाच्या परिस्थितीत बॉम्बमुळे कदाचित फार मोठी संख्या वाचली असेल. त्यांचा पुढचा प्रश्न असा होता की ती परिस्थिती कोणी निर्माण केली. बिनशर्त शरणागतीखेरीज काहीही स्वीकारणार नाही, असे आधीच ठरवून टाकल्यावर ‘आक्रमण किंवा बॉम्ब’ असे दोनच पर्याय शिल्लक राहतात. आपणच बाकीची दारे लावून घ्यायची आणि मग उरलेल्या दाराला नियती म्हणायचे, ही त्यांची तक्रार होती.

आणखी एक गोष्ट. ९ ऑगस्टच्या रेडिओ भाषणात ट्रूमन यांनी हिरोशिमाचे वर्णन लष्करी तळ असे केले आणि नागरिकांची हत्या शक्यतो टाळण्यासाठी ते ठिकाण निवडल्याचे सांगितले. आकडेमोड खरोखरच पुरेशी वाटत असती, तर शहराला तळ म्हणण्याची गरज पडली नसती. रेषा कुठे आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक होते, असाच याचा अर्थ मी घेतो.

---

गिरीजचा_पाऊस

मी वसईचा कॅथलिक आहे आणि धागाकर्त्याने पहिली तीन शतके दोन वाक्यांत उरकली याबद्दल माझी तक्रार आहे.

आमच्याकडे गुड फ्रायडेला योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचे वाचन होते. लहानपणी त्यात मला एकच जागा आवडायची: पेत्र तरवार उपसतो आणि प्रमुख याजकाच्या चाकराचा उजवा कान छाटतो. त्या चाकराचे नाव मल्ख होते हेही योहान नोंदवतो. चर्चमध्ये एवढी गर्दी आणि उकाडा असूनही त्या वाक्याला आम्ही मुले सावध व्हायचो, कारण अखेर कोणीतरी काहीतरी केले असे वाटायचे. आणि लगेच पुढच्या वाक्यात येशू त्याला तरवार म्यानात घालायला सांगतो तेव्हा मोठा विरस व्हायचा. लूकच्या वृत्तांतात तर तो त्या कानाला स्पर्श करून तो बरा करतो. आता विचार करता वाटते की न्याय्य युद्धाच्या तीनही अटींवर पेत्र जवळपास उतरतो. कारण न्याय्य होते, हेतू शुद्ध होता, अधिकार तेवढा नव्हता. तरीही त्याला थांबवताना ‘तुला अधिकार नाही’ असे सांगितले गेले नाही. मत्तयाच्या वृत्तांतात कारण दिले आहे ते असे की तरवार धरणारे तरवारीनेच नाश पावतात.

२९५ साली उत्तर आफ्रिकेतील मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणाने, मी ख्रिस्ती आहे म्हणून सैन्यात जाऊ शकत नाही असे सांगितले आणि त्याचा शिरच्छेद झाला. ख्रिस्तसभा त्याला संत मानते. चौथ्या शतकातील संत बेसिल यांनी युद्धातील हत्येला खून म्हटले नाही, पण ज्यांचे हात रक्ताने माखले त्यांनी तीन वर्षे ख्रिस्तप्रसाद घेऊ नये असा सल्ला दिला. हे मला ऑगस्टीनपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. ‘तू चूक केली नाहीस, तरी तू लगेच वेदीजवळ येऊ नकोस,’ असे म्हणणाऱ्याला युद्ध माणसाचे काय करते हे कळलेले असते.

---

ओवी

गिरीजचा_पाऊस यांचा प्रतिसाद फार आवडला.

आपल्या वाचकांना भीष्मपर्वाचा आरंभ आठवेल. युद्धाआधी दोन्ही पक्ष बसून नियम ठरवतात: रणातून बाहेर पडलेल्याला मारू नये, सारथ्याला, ओझ्याच्या जनावरांना, शस्त्रे वाहून आणणाऱ्यांना, शंख आणि भेरी वाजवणाऱ्यांना मारू नये. पुढे अठरा दिवसांत एकेक नियम मोडतो आणि शेवटी सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांना कापतो. नियम मोडणाऱ्या प्रत्येकाजवळ आधीच्या मोडलेल्या नियमाचा दाखला असतो. ‘त्यांनी आधी केले’ हे वाक्य महाभारतात जितक्या वेळा येते तितके क्वचितच कुठे येत असेल. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत टोकियोत आगीच्या बॉम्बांनी सुमारे एक लाख माणसे जळाली होती; म्हणजे नागासाकीच्या आधीच रेषा ओलांडून झाली होती. मला वाटते ऑगस्टमध्ये कोणी नवा निर्णय घेतलाच नाही, जुन्या सवयीला फक्त नवे हत्यार मिळाले.

---

पारंबी

शेवटचे वाक्य मी माझ्या लेखात घ्यायला हवे होते. एक फरक मात्र नोंदवतो. भीष्मपर्वातील नियम हा दोन पक्षांमधील करार आहे, म्हणून एकाने मोडला की दुसरा स्वतःला मोकळा समजतो. ख्रिस्ती सिद्धांतात निरपराध्याला न मारण्याचे बंधन शत्रूशी केलेल्या करारातून येत नाही, ते ईश्वराच्या आज्ञेतून येते. म्हणून शत्रूने काहीही केले तरी ते सुटत नाही. व्यवहारात दोन्हीकडचे शेवट सारखेच झाले, हे मान्य करावे लागते.

---

तिढा

तत्त्वज्ञानाच्या बाजूने दोन मुद्दे मांडतो, कारण धागा ॲन्सकोम यांच्यावरच थांबला तर चर्चा अर्धी राहील.

पहिला मुद्दा द्विपरिणाम तत्त्वाचा. एका कृतीचे दोन परिणाम असतील, एक चांगला आणि हेतुपूर्वक, दुसरा वाईट पण केवळ अपेक्षित, तर ती कृती क्षम्य ठरू शकते, असे हे तत्त्व सांगते. याचे मूळ अक्वायनस यांच्या स्वसंरक्षणावरील विवेचनात आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यावर बॉम्ब टाकला आणि शेजारच्या वस्तीतील माणसे मेली, तर ती मारायची नव्हती असे म्हणता येते. वस्तीवरच टाकला तर म्हणता येत नाही. परंतु वस्तीत राहणाऱ्या बाईला या फरकाचा उपयोग काय? अमेरिकन विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये याला एक दुरुस्ती सुचवली. ‘माझा हेतू नव्हता’ एवढे पुरेसे नाही. नागरिक मरू नयेत यासाठी आपल्या सैनिकांनी स्वतःवर अधिक धोका घेतला का, हे तपासले पाहिजे. जी काळजी घेण्यात आपले काहीच पणाला लागत नाही तिला काळजी म्हणू नये. हेतू मनात असतो आणि मन वाकवता येते, हे तर ॲन्सकोम यांनाही खटकत होते. बॉम्ब टाकताना मनातल्या मनात हेतू दुसरीकडे वळवणाऱ्यांची त्यांनी यथेच्छ टर उडवली आहे.

मात्र हेच वॉल्झर पुढे ‘परम आणीबाणी’ची सवलत देतात. १९४०-४१ मध्ये ब्रिटन एकाकी होते आणि नाझी विजय हा केवळ एका देशाचा पराभव ठरला नसता, तेव्हा जर्मन शहरांवरील हल्ले समजून घेता येतील. धोका टळल्यानंतरचे मात्र नाहीत. हिरोशिमाला तर त्यांच्या मते ती सवलत लागूच होत नाही. माझी अडचण अशी की ही खिडकी एकदा ठेवली की प्रत्येक राष्ट्राला आपले प्रत्येक युद्ध त्या खिडकीतून दिसू लागते.

दुसरा मुद्दा सैनिकाचा. दोन्ही बाजूंचे सैनिक नैतिकदृष्ट्या समान, कारण युद्ध त्यांनी सुरू केलेले नसते, ही आजवरची रूढ समजूत आहे. तत्त्वज्ञ जेफ मॅकमॅहन यांनी २००९ मध्ये तिला आव्हान दिले: अन्याय्य युद्धात लढणारा सैनिक, नियम पाळूनही, ज्यांना मारतो त्यांनी त्याचे काही वाईट केलेले नसते. हे मान्य केले तर ‘मी आज्ञा पाळली’ ही ढाल सेनापतीबरोबर शिपायाच्याही हातून जाते.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९५ मध्ये ग्रोशियस आणि त्यांच्या परंपरेला ‘दुःखात भर घालणारे सांत्वनकर्ते’ अशा अर्थाने हिणवले होते. त्यांच्या ग्रंथांचा आधार युद्धाच्या समर्थनासाठी सर्वांनी घेतला, पण त्यांच्या युक्तिवादामुळे एखादे राज्य युद्धापासून मागे फिरले असे एकही उदाहरण नाही, असा त्यांचा टोला होता. धागाकर्त्याने याला उत्तर द्यावे.

---

हिरवा_चहा

कामानिमित्त काही वर्षे जपानमध्ये होतो, तेव्हा उराकामीला दोनदा गेलो. वादात पडण्याइतका अभ्यास नाही. जे पाहिले ते सांगतो.

आजचे चर्च पुन्हा बांधलेले आहे. बाहेर जुन्या चर्चचे दगडी पुतळे आहेत, काळे पडलेले, काहींना मस्तक नाही. खाली ओढ्याच्या काठाला घंटाघराचा घुमट अजून पडून आहे. स्फोटाने तो उडून ओढ्यात कोसळला, तेव्हा ओढ्याचाच मार्ग बदलावा लागला आणि घुमट तिथेच राहू दिला. मी गेलो त्या दिवशी त्याच्या विटांच्या फटीतून गवत उगवले होते. संग्रहालयात वितळून एकमेकांना चिकटलेल्या जपमाळा काचेमागे ठेवल्या आहेत. मणी ओळखू येतात, साखळी ओळखू येत नाही.

तिथे ताकाशी नागाई या डॉक्टरांचे नाव सर्वत्र आढळते. क्ष-किरण विभागात काम करता करता त्यांना आधीच रक्ताचा कर्करोग झाला होता. स्फोटात त्यांची पत्नी गेली आणि १९५१ मध्ये तेही गेले. नोव्हेंबर १९४५ मध्ये त्याच भग्नावशेषांजवळ झालेल्या शोकप्रार्थनेत त्यांनी म्हटले की युद्धाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून ईश्वराने उराकामीला निष्कलंक होमबळी म्हणून निवडले. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना या शब्दांनी उभे राहण्याचे बळ दिले असेल. पण जपानमध्येच त्यावर कठोर टीका झाली, कारण होमबळी ईश्वरानेच निवडला असेल तर बॉम्ब टाकणाऱ्याची आणि युद्ध सुरू करणाऱ्या जपानी राज्यकर्त्यांची, दोघांचीही जबाबदारी धुऊन निघते. ‘हिरोशिमा संतापते, नागासाकी प्रार्थना करते’ असे जपानी लोक म्हणतात, आणि त्यात सगळे कौतुकच असते असे नाही. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे हिरोशिमाला आले तेव्हा युद्ध ही माणसाची करणी आहे, असे त्यांनी सुरुवातीलाच म्हटले. हे नागाईंच्या मांडणीला दिलेले उत्तरच आहे, असे तिथले काही लोक मानतात.

---

पारंबी

हिरवा_चहा, आभार. घुमटाबद्दल मला माहिती नव्हती.

तिढा यांनी उद्धृत केलेल्या कांटच्या टोल्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. राज्ये मागे फिरली नाहीत हे खरेच आहे. ख्रिस्तसभेने भूमिका बदलली, पण उशिरा: १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस करणारी युद्धकृती हा ईश्वराविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा ठरवला, आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जपानमध्ये अण्वस्त्रे बाळगणेही अनैतिक असल्याचे सांगितले. टिनियनवर ज्या धर्मगुरूंचा मी उल्लेख केला, त्या फादर झाबेल्का यांनी अनेक वर्षांनी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. नागरिकांवर बॉम्ब पडत आहेत हे त्यांना ठाऊक होते, तरी त्याविरुद्ध त्यांनी त्या वैमानिकांपुढे एकदाही प्रवचन दिले नव्हते. सिद्धांत त्यांना सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकवलेला होता. तो वापरण्याची वेळ आली आहे हे सांगायला कोणी आले नाही, आणि कोणीतरी येईल याची वाट ते पाहत राहिले, असे मला त्यातून दिसते. सिद्धांत राज्याला थांबवत नसेल. पण एखाद्या माणसाला ‘मी नाही’ म्हणण्यासाठी तो शब्द पुरवतो का, एवढेच मी आता विचारीन.

---

गिरीजचा_पाऊस

पुरवतो, पण ते शब्द वापरणाऱ्याला त्याचीच माणसे एकटे पाडतात. व्हितोरिया यांनी लिहून ठेवले होते की युद्ध अन्याय्य असल्याची प्रजाजनाची खात्री असेल तर राजाने आज्ञा केली तरी त्याने लढू नये. ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर नावाच्या शेतकऱ्याने ते वाचले असण्याची शक्यता नाही. तो हिटलरच्या सैन्यात लढायला नकार देत होता आणि त्याला तीन लहान मुली होत्या. तो लिंझच्या बिशपांना भेटायला गेला. बिशपांनी त्याला कुटुंबाचा विचार करण्यास सांगितले आणि युद्धाची जबाबदारी राज्यकर्त्यांवर असते, सामान्य माणसावर नाही, अशी समजूत घातली. म्हणजे अक्वायनस यांची पहिली अट, अधिकृत शासकाची, त्याला घरी पाठवण्यासाठी वापरली गेली.

त्याचा शिरच्छेद ९ ऑगस्ट १९४३ रोजी झाला. उराकामीच्या बरोबर दोन वर्षे आधी. २००७ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, तेव्हा त्याची पत्नी फ्रान्झिस्का समारंभाला उपस्थित होती. युद्धानंतर तिला युद्धविधवेचे निवृत्तिवेतन नाकारण्यात आले होते, आणि ते मिळायला १९५० साल उजाडले.